तुझं जेवायचं राहिलंय

३ मार्च

प्रिय फर्गस,

पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळे ठीक आहेत. तू, तुझे आईवडील आणि तुमच्या असंख्य मेंढ्या, सगळे मजेत असाल असं धरून चालते. फोनच करणार होते. पण फोनवर तू "हो", "बरं" आणि "ठेवतो" एवढंच बोलतोस, असं दादा सांगायचा. शिवाय गेलं वर्षभर तू आमचा फोन उचललेला नाहीस. पत्र मात्र एकदा पेटीत पडलं की पडलं, ते तुला उचलावंच लागेल.

माझी बातमी अशी, की मी वेलिंग्टन सोडून गावी परत आले आणि इथल्या शाळेत इतिहास शिकवायला लागले. मला इथे खूप काही करायचं आहे. मुलांनी स्वतःच्या आजीआजोबांना प्रश्न विचारून गावाचा इतिहास लिहावा, असा माझा बेत आहे. सध्या तरी मुलं माझ्या चालण्याची नक्कल करण्यात गुंतली आहेत. घरातली पहिली पदवीधर म्हणून पिरीहिरा मावशी मला कुठेही पुढे करते. परवा पेट्रोलपंपावर एका अनोळखी माणसाला म्हणाली, "ही आमची पदवीधर. हिला काहीही विचार." त्याने विचारलं, मागच्या चाकातून हवा का जाते. मला सांगता आलं नाही. मावशीने घरी पोचेपर्यंत रेडिओ मोठा करून ठेवला.

आता मुद्द्याचं. पाओरादादाला जाऊन वर्ष होत आलं. ईस्टरच्या शनिवारी त्याच्या थडग्यावरचा दगड उघडायचा आहे. आमच्याकडे दगड आधी झाकून ठेवतात. वर्षभराने सगळं गोत जमतं, पांघरूण काढतात, शेवटचं रडून घेतात आणि मग जेवतात. त्या जेवणापासून हसायची परवानगी असते. आमच्या घरात परवानगीची वाट कोणी पाहिली नाही, ही गोष्ट वेगळी.

दगडावर कोणता फोटो लावायचा यावरून महिनाभर भांडण चाललं होतं. सैन्याने दिलेला फोटो आईने बघितला आणि उलटा ठेवला. म्हणाली, "हा कोण? हा तर बँकेतला माणूस वाटतो." शेवटी तिने तो समुद्रावरचा निवडला. तुला आठवतो? पाण्यातून किना काढून आणले होते, केस ओले, तिथेच खडकावर बसून दादा ते काटेरी समुद्रजीव फोडून खातोय आणि तोंड भरलेलं असतानाच हसतोय. दगड घडवणारा म्हणाला, "बाई, तोंडात घास असलेला माणूस मी थडग्यावर कधी लावला नाही." आई म्हणाली, "मग आता लाव."

आणखी एक गंमत सांगते. दादा आम्हाला शेवटपर्यंत सांगत होता की तो लष्कराच्या गोदामात ब्लँकेटं मोजतो. मावशी म्हणायची, "ब्लँकेटं मोजून मांड्या अशा होत असतील, तर मीही मोजते." त्याच्या शवपेटीवर ती वाळूच्या रंगाची टोपी दिसली, तेव्हा कुठे गावाला कळलं की तो तुमच्या त्या विशेष दलात होता. आणि ब्लँकेटं मोजायला कोणी अफगाणिस्तानच्या डोंगरात हेलिकॉप्टरमधून उतरत नाही, हेही. मावशी अजून म्हणते की तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिला काहीही माहीत नव्हतं.

फर्गस, तू ईस्टरला यायचं आहेस. बोलावणं आईचं आहे.

तू का येणार नाहीस, हे मला साधारण ठाऊक आहे, म्हणून त्याबद्दलही लिहिते. अंत्यविधीला तू तुमच्या माणसांबरोबर आमच्या मराएच्या, म्हणजे गोताच्या सभाघराच्या, अंगणात उभा होतास. हाकोपा मामा उठला, त्याने काठी जमिनीवर आपटली आणि सरळ तुझ्याकडे बघून बोलला. तुझ्याशेजारी उभा असलेला सैन्याचा धर्मगुरू आमच्या भाषेतलं त्याचं बोलणं तुझ्या कानात इंग्रजीत सांगत होता, ते मी पाहिलं. "दोघं गेलात. तू एकटा कसा आलास? आमचा पोरगा कुठे ठेवलास?" शब्द त्याने बरोबरच सांगितले असतील. पण पुढचं त्याने सांगितलं नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नसावं.

ही आमच्याकडची रीत आहे. ज्यांचं माणूस गेलं ते मनात येईल ते तोंडावर बोलतात. आलेल्यांनी ऐकून घ्यायचं, उठून उत्तर द्यायचं, एक गाणं म्हणायचं. मग नाकाला नाक लावायचं आणि सगळ्यांनी जेवणघरात जायचं. जेवल्याशिवाय काहीच संपत नाही. मामाने एकदा एका बिशपला उशिरा आला म्हणून सगळ्यांसमोर झापलं होतं. अर्ध्या तासाने दोघं शेजारी बसून एकमेकांकडे बटाटे सरकवत होते. ज्याला रागावलो त्याच्या शेजारी बसून त्याला वाढायचं, हीच आमच्याकडची माफी.

भाषणं संपली, नाक टेकवायला माणसं रांगेत आली आणि रांगेत तू नव्हतास. तुमचे बाकीचे सगळे जेवले. आईने तुझं ताट वाढून झाकून ठेवलं होतं. संध्याकाळी मावशी म्हणाली, "आता कुत्र्याला घालू का?" आई म्हणाली, "घाल. पण त्याचं जेवायचं राहिलंय, हे लक्षात ठेव." तेव्हापासून आमच्या घरात तुझं नाव 'जेवायचा राहिलेला' असं आहे. लहान मुलांना तर तुझं खरं नावच माहीत नाही.

तर ये. कुमारा, म्हणजे आमची रताळी, आणि मटण खड्ड्यातल्या गरम दगडांवर ठेवायची जबाबदारी आमची. तू फक्त खायचं.

मेरेआना


२९ मार्च

प्रिय फर्गस,

तुझं कार्ड मिळालं. तू उत्तर लिहिलंस याचाच मला इतका आनंद झाला, की आधी मजकूर न वाचताच मी ते आईला दाखवायला धावले. मग वाचलं. "तुझा मामा बरोबर बोलला. मला नाही जमणार. आईला माफ कर म्हणून सांग." आईने ते कार्ड फ्रीजच्या दारावर लावलंय, दादाच्या फोटोच्या बाजूला. त्यावर तुमच्याकडच्या मेंढ्यांचं चित्र आहे. मावशीचं म्हणणं, त्यातली एक हुबेहूब माझ्यासारखी दिसते.

माझ्या पदवीदानाचा दिवस तुला आठवतो का? दादा तुला घेऊन आला होता. "हा फर्गस, माझ्याबरोबर ब्लँकेटं मोजतो." माझं नाव पुकारलं, आणि वरच्या सज्जातून दादाने आमचा तो आरोळ्यांचा नाच, हाका, असा सुरू केला की कुलगुरूंच्या हातातलं माझं प्रमाणपत्र खाली पडलं. तुला हाकातलं काही येत नव्हतं. तू आपला त्याच्या बाजूला ताठ उभा, चेहरा लालबुंद, हातात आमच्या सगळ्यांचे कोट. मी खालून बघत होते. दादा छाती बडवत होता आणि तू ते कोट असे धरले होतेस, जणू कोणी हिसकावून नेणार आहे. त्या संध्याकाळी जेवताना मी युद्धाच्या विरोधात मोठं भाषण ठोकलं. दुसऱ्यांच्या देशात आपली माणसं कशाला, वगैरे. दादा म्हणाला, "प्राध्यापक बाई, तुमचं बरोबर आहे. पण ते चिकन इकडे सरकवा." तू मात्र माझं सगळं ऐकलंस आणि शेवटी म्हणालास, "मलाही कधी कधी असंच वाटतं." त्या आख्ख्या दिवसात तू बोललेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं. मला तू तेव्हाच आवडलास.

म्हणून आता खरं लिहायला हवं.

मामा जे बोलला ती रीत आहे, असं मी लिहिलं. ते अर्धंच आहे. तो ते मनापासून बोलला. त्या दिवशी तू जिवंत परत आलास आणि दादा पेटीत आला, याचा त्याला राग होता. तो तुझ्यावरच होता असं नाही, पण समोर तूच होतास. रीत याचसाठी आहे. राग सगळ्यांसमोर बोलून टाकायचा, म्हणजे तो कोणाला घरी न्यावा लागत नाही. उत्तर आलं, नाकं टेकली, जेवण झालं, की तो तिथेच अंगणात राहतो. तू जेवायच्या आधी निघालास, आणि तो सगळा राग तुझ्याबरोबर गेला. तिकडे तुझ्या मेंढ्यांमध्ये तू तो एकट्याने सांभाळत बसला आहेस.

विद्यापीठात मी या रीतींवर मोठा निबंध लिहिला होता. गुणही छान मिळाले. पण हे सगळं व्हायला दोन माणसं लागतात, ही साधी गोष्ट त्या निबंधात नव्हती. एक मधूनच निघून गेला की दुसराही अडकतो.

कारण तेव्हापासून मामा बोललेला नाही. म्हणजे घरात बोलतो, गरजेपेक्षा जास्तच बोलतो. कालच माझ्या गाडी चालवण्यावर त्याने मोठं प्रवचन दिलं. पण मराएवर तो उठलेला नाही. वर्षभरात लग्नं झाली, मयतं झाली, पाहुणे आले. तो काठी मांडीवर आडवी ठेवून बसून राहतो आणि दुसऱ्याला खूण करतो. आमच्या भागात त्याच्यासारखं बोलणारा कोणी नाही. लोक विचारतात, तब्येत बरी नाही का? मामा म्हणतो, "माझ्या शेवटच्या बोलण्याला उत्तर यायचं आहे. ते आल्याशिवाय पुढचं कसं बोलू?"

तो बरोबर बोलला असं तू लिहितोस. तसं असेल तर तेच उत्तर इथे येऊन त्याला दे. कार्डावर लिहून चालत नाही.

मी तुझ्यावर दडपण आणते आहे. आणायचंच आहे.

मेरेआना


२७ एप्रिल

प्रिय फर्गसदादा,

असं लिहायला आईने सांगितलं. मीही म्हटलं, बरं आहे.

तू आला नाहीस. ईस्टरच्या शनिवारी सकाळी आई रस्त्याकडे बघत राहिली. बाकी दिवस फार सुंदर झाला. एवढा वारा होता की दगडावरचा पिसांचा झगा काढायच्या आधीच उडून पाद्रीबुवांच्या डोक्यावर बसला. खाली दादा, तोंडात घास भरलेला आणि हसतोय. रडायला जमलेले सगळे लोक एकदम हसले. मावशी कळवळून ओरडली, "अरे, आधी रडा! हसायचं नंतर आहे!" त्यावर तर लोक आणखीच हसले. मग आई दगडाला हात लावून रडली, तेव्हा सगळे रडले. मीही रडले. दादाच्या नावाखाली सैन्यातला हुद्दा लिहिला आहे. त्याखाली आमच्या भाषेत लिहिलं आहे: ब्लँकेटं मोजणारा. दगड घडवणाऱ्याने तेही याआधी कधी कोणाच्या दगडावर लिहिलं नव्हतं.

आणि मामा उठला.

वर्षभराने उठला, त्यामुळे सगळे माना वळवून बघायला लागले, शाळेतली माझी पोरंसुद्धा. आता मोठं भाषण होणार असं वाटलं होतं. तो काठी टेकत दगडाजवळ गेला आणि दादाशीच बोलला. "पाओरा, तुझ्या मित्राने अजून उत्तर दिलं नाही. तो इथे येत नाही. मग तूच ऊठ. किती आळस करशील? चल, गाडीत बस."

तुला आमच्यातली ही गोष्ट कदाचित माहीत नसेल. मयताला जी माणसं आली, त्यांच्या मराएवर वर्षभराने आम्ही गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन जातो. त्याला त्यांच्या दारी नेतो, म्हणजे तिथल्या लोकांनाही त्याला निरोप देता येतो. यावरून जेवणघरात लगेच वाद सुरू झाला. मामाचे चुलतभाऊ म्हणाले, "मराएवर नेतात. मेंढ्यांच्या शेतावर कोणी कधी नेलंय का?" मामा म्हणाला, "नाही नेलं. मीही कधी गेलो नाही." ते म्हणाले, "तिथे पाहुण्यांना आत घ्यायची हाक मारायला कोण आहे? मेंढ्या?" तेव्हा आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "जिथे माझ्या मुलासाठी कोणी अजून रडतंय, तेच त्याचं मराए." मग कोणी वाद घातला नाही. मावशीने एवढंच विचारलं, "त्या मुलाच्या आईचे ते चीज रोल खरंच एवढे चांगले असतात का? पाओरा फार सांगायचा."

तर आम्ही येतोय. दहा मे, शनिवारी, दुपारी. तुझ्या आईला माझ्या आईने फोन केला. दोघी तासभर बोलल्या. पलीकडून कुत्र्यांचा आवाज, इकडून मावशीचा, त्यामुळे दोघींना एकमेकींचं निम्मंच कळलं असणार. पण शेवटी दोघी रडल्या आणि मग पाककृतीवर आल्या. तुझ्या आईने होकार दिलाय. तुला कोणी विचारलेलं नाही. त्या दिवशी मागच्या डोंगरावर मेंढ्या बघायला जायचं नाही. मामा मागोमाग येईल, आणि त्याचे गुडघे चांगले नाहीत.

दोन गाड्या असतील. पुढच्या गाडीत दादाचा फोटो, आई, मामा आणि मी. ज्या गाडीत तो आहे तिथे खाता येत नाही, म्हणून खायचं सगळं मावशीच्या गाडीत मागून येणार. म्हणजे इथून वेलिंग्टनपर्यंत आणि समुद्र ओलांडून बोटीतून उतरल्यावर थेट तुमच्या दारापर्यंत ती मागून आम्हाला पाय दाखवत दाखवत खाणार. कोंबडीचे पाय, तिचे नव्हे. बोटीवर फोटो गाडीत एकटा ठेवता येत नाही. आम्ही पाळीपाळीने मांडीवर घेऊन बसू. मामाला बोट लागते. दादाने जिवंतपणी त्याच्या उलट्यांवर पुष्कळ हसून घेतलंय, आता मांडीवर बसून हसेल.

आता तुला काय करायचं ते सांगते. आम्ही फाटकाबाहेर थांबू. आपणहून आत येणार नाही. खरं तर तुमच्याकडच्या एखाद्या बाईने हाक द्यायला हवी. तुझ्या आईला ती येत नाही, तर तिने नुसतं "या" म्हणावं, चालेल. मग आई दादाला घेऊन पुढे चालेल, आम्ही मागे. तू उभा राहायचं. मामा बोलेल. काय बोलेल ते मला माहीत नाही, त्याने मलाही सांगितलेलं नाही. मग तू उत्तर द्यायचं. कोणत्याही भाषेत दे. "हो", "बरं" आणि "ठेवतो" एवढंच म्हणालास तरी उत्तर होईल. त्यानंतर गाणं लागतं. दादाचं ते तीन सुरांचं गाणं तुला येतं, माझ्या पदवीच्या जेवणात तू ते भयंकर म्हटलं होतंस. तसंच म्हण. आम्ही साथ देऊ.

एक गोष्ट राहिली. ती मी दोन पत्रं लिहिली तरी लिहिली नाही.

आम्हाला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. तुमचे अधिकारी आमच्या स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी सांगितलं. दादा अफगाणिस्तानातल्या त्या घरातून बाहेर पडला होता. तू आत जखमी पडला होतास, म्हणून तो परत आत गेला. तुला दारापर्यंत आणलं, आणि दारात त्याला गोळी लागली. हे आम्हाला कळलंय हे तुला माहीत नसावं, असं मला वाटतं. कळलं तर आम्ही काय म्हणू, याच भीतीने तू फोन उचलत नसशील. मामाने "एकटा कसा आलास" विचारलं, तेव्हा उत्तर त्याला माहीत होतं. म्हणूनच त्याचा तो प्रश्न त्याच्याही घशात अडकून राहिलाय.

पण त्या दिवशी स्वयंपाकघरात काय झालं, ते तुला माहीत नाही. मी तिथे होते. अधिकारी बोलत होते तोवर आई उभीच होती. खुर्ची पुढे केली तरी बसली नाही. त्यांचं सांगून झालं, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला. "मग तो दुसरा मुलगा? तो वाचला का?"

ते म्हणाले, "वाचला."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि मग ती खाली बसली.

फर्गसदादा, आई तुला काही विचारणार नाही. शेवटी तो काय बोलला, कसा होता, काही नाही. कधी तुलाच सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर नको. तिला तुझ्यासमोर बसायचं आहे आणि तुला पोटभर जेवताना बघायचं आहे. तिचा मुलगा कशासाठी परत आत गेला, ते तिला एकदा डोळ्यांनी पाहायचं आहे. बस, एवढ्यासाठी ती हा सगळा देश ओलांडून येते आहे.

सकाळी काही खाऊ नकोस. भूक ठेव, आणि फाटकापाशी ये.

तुझी धाकटी बहीण,
मेरेआना